कोंबडीची अन्नपिशवी तुंबली तर काय करायचं: घरामागे कोंबड्या पाळणाऱ्या नवख्यांसाठी

झाबुआ आपल्या इंदूरपासून काही तासांवर, त्यामुळे घरामागे कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिलं नाव कडकनाथचं निघतं. २०१८ मध्ये झाबुआच्या या काळ्या कोंबडीला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर जास्तच. राऊ, महू, खंडवा रोड, जिथे थोडं अंगण आहे तिथे चार-सहा कोंबड्यांचं खुराडं उभं राहतं. पण आपल्यापैकी बहुतेक मराठी घरांत कोंबड्यांचा वारसा नाही. आजीने गाय सांभाळली असेल, पोपट सांभाळला असेल. कोंबडीच्या गळ्याखाली सकाळी हात घालून बघायचा असतो, हे सांगणारं घरात कोणी नसतं.

मग एक दिवस कोंबडी कोपऱ्यात फुगून बसते, मान वेडीवाकडी ताणते, दाण्याकडे येते पण टिपत नाही, आणि छातीवर एका बाजूला गोळा दिसतो. शेजारी म्हणतात तेल पाजा, कोणी म्हणतं उलटी धरा, कोणी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देतं. यातलं काय करायचं आणि काय अजिबात नाही, ते क्रमाने सांगते. तेल आणि मालिश नंतरची गोष्ट. निदान आधी, आणि निदानाची वेळ एकच: सकाळी, दाणा टाकायच्या आधी.

१. पिशवी कुठे असते ते धडधाकट कोंबडीवर शिकून घ्या

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा अन्ननलिकेतून उतरतो आणि मानेच्या पायथ्याशी, छातीच्या हाडाच्या वर, तिच्या उजव्या अंगाला असलेल्या पिशवीत साठतो. ही अन्नपिशवी, म्हणजे क्रॉप. कोंबडी तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर ती तुमच्या डाव्या हाताला येईल. इथे दाणा भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा पुढे सरकतो. पुढे पाचकरस सोडणारं जठर, आणि त्यानंतर जाड स्नायूंचं गिझार्ड. गिळलेले बारीक खडे त्या गिझार्डमध्ये बसलेले असतात आणि दाणा भरडायचं काम तिथे होतं.

दिवसभर पिशवी भरत जाते, रात्रभरात रिकामी होते. संध्याकाळी माचाणावर चढलेल्या कोंबडीची पिशवी लिंबापेक्षा मोठी, टम्म लागली तर घाबरू नका, तसंच असायला हवं. नवखे लोक याच वेळी पहिल्यांदा हात लावतात आणि तुंबली म्हणून धावपळ करतात. सकाळी तीच पिशवी सपाट, जवळजवळ हाताला न लागणारी असते.

आजच रात्री दोन-तीन ठणठणीत कोंबड्यांना हात लावून बघा, आणि उद्या उजाडताना पुन्हा. कडकनाथ दिवसा हाताला लागत नाही, अंगणभर पळवते. अंधारात बारीक टॉर्च घेऊन माचाणावरून उचलली तर मुकाट येते. दोन्ही पंख डाव्या काखेत दाबून धरा, तिचं तोंड पुढे, पाय तुमच्या बोटांत, आणि उजव्या हाताची बोटं मानेच्या खाली पिसांत सारा.

२. संशय आला की रात्री वेगळी ठेवा, उजाडताना तपासा

संध्याकाळी आजारी कोंबडी एकटी वेगळ्या पेटीत किंवा मोठ्या टोपलीत ठेवा. तळाला वर्तमानपत्र. भुसा, गवत, लाकडाचा चुरा काही नको, कारण ती तेच खात बसेल आणि सकाळच्या तपासणीला अर्थ राहणार नाही. दाणा नाही. पाणी मात्र ठेवायचंच.

दिवाही नको. अंगणातला ट्यूबलाइट रात्रभर चालू असेल तर कोंबड्या रात्रीही टिपतात. त्यांची पिशवी सकाळी भरलेली असणारच.

उजाडलं की दाणा दाखवायच्या आधी पिशवीला हात लावा. रिकामी असेल तर दुखणं दुसरं आहे: जंत, अडकलेलं अंडं, ताप, काहीही. तेल-मालिश करू नका, पुढचं शोधा. भरलेली असेल तर पुढच्या पायरीवर या. वर्तमानपत्रही बघा. रात्रभरात अजिबात शिट नाही, किंवा नुसतं हिरवट-पांढरं पाणी आहे, तर खालपर्यंत अन्न पोचत नाहीये. हातात आहे तोवर छातीचं मधलं हाडही चाचपा. दोन्ही बाजूंचं मांस झडून ते हाड धारदार लागत असेल तर दुखणं कालचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे. पिसांमुळे ते दिसत नाही, हातालाच कळतं.

कडकनाथ पाळणाऱ्यांसाठी एक खास अडचण. इतर कोंबड्यांत तुरा फिका पडला किंवा निळसर झाला की आजार लांबून ओळखता येतो. कडकनाथचा तुरा, कातडी, तोंडाचा आतला भाग, सगळंच काळं. रंगावरून काही कळायचं नाही. म्हणून या कोंबडीच्या बाबतीत हात आणि वजनकाटा, या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवा.

३. भरलेली पिशवी तीन प्रकारची असते, आणि उपाय तिन्हींचे वेगळे

पहिली, कडक. दाबली की मळून ठेवलेल्या कणकेसारखी लागते, बोटाचा खड्डा राहतो, किंवा आत घट्ट गोळा आणि काड्या जाणवतात. ही खरी तुंबलेली पिशवी. या लेखातले घरगुती उपाय हिच्यासाठीच आहेत.

दुसरी, लिबलिबीत. पाणी भरल्यासारखी हलते, आणि कोंबडीच्या तोंडाला आंबूस, कुजकट वास येतो. आत अन्न आंबलं आहे आणि बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाची बुरशी वाढली आहे. कधी तोंडात पांढरट चट्टे दिसतात. हिला मालिश करू नका! दाबलं की तो द्रव वर येतो, श्वासनलिकेत जातो आणि कोंबडी तुमच्या हातात गुदमरते. हिला डॉक्टरांनी दिलेलं बुरशीवरचं औषध लागतं, निस्टॅटिनसारखं. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक इथे उलटं पडतं, कारण ते जिवाणू मारतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

तिसरी, लोंबती. पिशवीचे स्नायू ताणून सैल पडलेले, छातीसमोर झोळी लटकते, आणि ती कधीच पुरती रिकामी होत नाही. याबद्दल शेवटी लिहिते.

अडचण अशी की या अवस्था एकातून दुसरीत जातात. कडक गोळा दोन-चार दिवस तसाच राहिला की त्याच्याभोवतीचं पाणी आंबतं. म्हणून बाहेरून लिबलिबीत आणि आत गोळा, असंही हाताला लागू शकतं. तसं असेल तर घरी वेळ घालवू नका, थेट सातव्या पायरीवर जा.

४. हाताशी काय हवं

– पेटी किंवा टोपली, वर्तमानपत्र, जुना टॉवेल
– स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. कडकनाथ कोंबडी साधारण एक ते दीड किलोची. दीडशे ग्रॅम गेले तर डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं.
– खोबरेल तेल, साधं, वासाचं नाही
– सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज
– कोमट पाणी
– हातमोजे, साबण. आजारी कोंबडीला हाताळल्यावर स्वयंपाकघरात तसंच शिरू नये.
– वही: रोज सकाळचं वजन, पिशवीचा स्पर्श, शिट किती आणि कशी, अंडं घातलं का

डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर बरोबर न्यायच्या गोष्टीही आत्ताच जमवा. ही वही, मोबाईलमधला व्हिडिओ (कोंबडी मान कशी ताणते हे दवाखान्यात ती कधीच करून दाखवत नाही), ताज्या शिटेचा नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत, खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलचा फोटो, आणि पिल्लं कुठून, कधी आणली आणि पहिल्या दिवशी मारेक्स या विषाणूजन्य आजाराची लस दिली होती का, ही माहिती. शेवटचं विकणाऱ्याला फोन करून विचारावं लागेल. ते का लागतं ते आठव्या पायरीत येईल.

५. पहिला दिवस: दाणा बंद, पाणी चालू, तेल आणि मालिश

कडक गोळा आहे, वास नाही, कोंबडी उभी राहते आहे, श्वास नीट आहे, अशाच कोंबडीसाठी हे.

दाणा पूर्ण बंद, पण जास्तीत जास्त चोवीस तास. उपास लांबवला तर गोळा सुटायच्या आधी कोंबडी खचते. पाणी सतत समोर. इंदूरच्या मे महिन्यात पाण्याचं भांडं दुपारी गरम होऊन जातं आणि कोंबडी पाणी प्यायचं सोडते. पाणी कमी पडलं की आतला गोळा आणखी वाळतो. भांडं सावलीत ठेवा, दर दोन तासांनी बदला. हिवाळा असेल तर पेटी घरात घ्या. आजारी पक्षी स्वतःची ऊब टिकवू शकत नाही.

तेलाबद्दल नीट वाचा, कारण कोंबड्या बऱ्याचदा तुंबलेल्या पिशवीने नाही, तर चुकीच्या पद्धतीने पाजलेल्या तेलाने मरतात. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. सिरिंज तोंडाच्या मधोमध घालून पिचकारी मारली की तेल थेट फुप्फुसात जातं. तिथे गेलेलं तेल परत काढता येत नाही.

सगळ्यात बिनधोक पद्धत म्हणजे गोठलेलं खोबरेल तेल. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बाटलीतच गोठलेलं असतं, उन्हाळ्यात वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. चमच्याने खरवडून वाटाण्याएवढे तुकडे करा आणि तिच्यासमोर धरा. बऱ्याच कोंबड्या ते स्वतःहून टिपतात. नाही टिपलं तर चोच हलकेच उघडून एक तुकडा ठेवा आणि सोडून द्या, ती आपली आपण गिळते. असे तीन-चार तुकडे सकाळी, तेवढेच संध्याकाळी. तेलाने काडी विरघळत नाही, एवढी अपेक्षा ठेवू नका. गोळ्याच्या कडा सुटायला आणि तो सरकायला त्याची मदत होते.

पाणी ती आपण होऊन पीत नसेल तर सिरिंजने चोचीच्या बाहेरच्या कडेवर एकेक थेंब सोडा. कडेवरून थेंब आत ओघळतो आणि ती गिळते. एक थेंब, गिळू द्या, मग दुसरा. सिरिंजचं टोक तोंडात जाऊ देऊ नका. पिशवीपर्यंत नळी घालून पाणी सोडणं हे डॉक्टरांचं काम. व्हिडिओ बघून करू नका.

तेलानंतर अर्ध्या तासाने मालिश. कोंबडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर, डोकं वर, अंग सरळ. सुरुवात गोळ्याच्या मधोमध दाबून करू नका, मधला भाग सगळ्यात घट्ट असतो. बोटांच्या पेरांनी गोळ्याच्या कडा धरा आणि गोलाकार, हलक्या हाताने चुरगाळत जा. कडेचा भाग सैल झाला की थोडं आत सरका. पाच मिनिटं पुरे. दिवसातून तीन-चार वेळा. दोन-तीन मालिशींनंतर कधी कधी बोटांखाली एक काडी वेगळी झाल्यासारखी जाणवते, गोळा एकसंध राहत नाही, आणि कोंबडी दोन-तीनदा घोट घेतल्यासारखी मान हलवते. ते चांगलं लक्षण. गोळा तोंडाच्या दिशेने वर ढकलायचा नाही, त्याने खालीच जायचं आहे.

मालिश करताना तोंडात पाणी आलं, श्वासात घुरघुर झाली, चोच उघडून श्वास घ्यायला लागली, तर ताबडतोब थांबा आणि तिला खाली उभी करा.

उलटी धरणं. हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, गावातल्या अनुभवी माणसाकडूनही मिळेल. करू नका. कोंबडी माणसासारखी ओकत नाही. उलटी धरल्यावर जे बाहेर येतं त्यातलं काही श्वासनलिकेत जातंच, आणि गुदमरून किंवा दोन दिवसांनी न्यूमोनियाने ती जाते. त्यांच्या दहा कोंबड्या वाचल्या असतील. न वाचलेल्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

खाण्याचा सोडा, इनो, व्हिनेगर, एरंडेल, लसणाचा रस यांपैकी काहीही नको. पिशवीत अडकलेली गव्हाची काडी यातल्या कशानेही सुटत नाही.

६. दुसरी सकाळ

पुन्हा उजाडताना, काही खायच्या आधी, हात आणि काटा.

पिशवी लहान आणि मऊ झाली असेल, वर्तमानपत्रावर शिट दिसत असेल, तर पातळ खाणं सुरू करा: उकडलेलं अंडं कुस्करून चमचाभर, किंवा नेहमीचं भरडलेलं लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) कोमट पाण्यात भिजवून लापशीएवढं पातळ. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. दही द्यायचंच असेल तर अर्धा चमचा. पक्ष्यांना दूध पचत नाही, जास्त दिलं की जुलाब होतात. तेल आणि मालिश आणखी एक-दोन दिवस चालू ठेवा. अख्खा दाणा, मका, पालेभाजी, गवत किमान आठवडाभर बंद.

पोळी, भात, पाव आणि पोहे पुढेही बंदच असू द्या. सकाळी उरलेले पोहे कोंबड्यांना टाकणं ही आपल्या शहरातल्या घराघरातली सवय, आणि कोंबड्याही त्यावर तुटून पडतात. पण भिजलेले पोहे आणि पोळी पिशवीत लगदा होऊन बसतात, आणि पोह्यांवरच्या शेवेतलं मीठ कोंबडीला बाधतं. तिला मीठ फार थोडं चालतं.

पिशवी तशीच कडक असेल तर आणखी एक दिवस, पण आता उपास नाही. पातळ खाणं दोन चमचे, तेल, मालिश. तिसऱ्या सकाळीही फरक नसेल तर घरगुती उपाय संपले असं समजा. मी स्वतः वजनाचा नियम पाळते: आजाराच्या पहिल्या दिवसापेक्षा दहा टक्के वजन उतरलं की तिसऱ्या सकाळची वाट बघायची नाही.

७. डॉक्टरांकडे कधी आणि कुठे

तिसऱ्या सकाळची वाट न बघता थेट न्यायचं तेव्हा: चोच उघडी टाकून श्वास, तोंडातून कुजकट पाणी, उभं राहता न येणं, पोट खालून फुगलेलं आणि ताणलेलं, दोरा-तार-सुई गिळल्याची शंका, पिशवीवरच्या कातडीला जखम. दोऱ्याचं टोक तोंडातून बाहेर दिसत असेल तर ओढू नका. दुसरं टोक कुठे गुंतलं आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

जाण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा: कोंबडी बघता का? इंदुरातल्या खासगी दवाखान्यांत कुत्री-मांजरी बघणारे पुष्कळ, पक्षी बघणारे कमी, आणि तपासायला टेबलावर ठेवल्यावर नकार मिळण्यात अर्धा दिवस जातो. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं आहे, आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाखाली येतं. इंदूरहून तासाभराचा रस्ता. दुपारी उशिरा पोचण्यापेक्षा सकाळीच निघा. सरकारी फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर. तिथेही गाय-म्हैस गृहीत धरतात, म्हणून कोंबडी असल्याचं आधी सांगा.

नेताना हवा येईल असा खोका, तळाला टॉवेल, दाणा नाही. पिशवी भरलेली असताना गाडीतले हिसके नको, मांडीवर घ्या.

डॉक्टर नळीने पिशवी धुऊन काढतील, औषध देतील, किंवा भूल देऊन कातडी आणि पिशवीला लहान चीर देऊन गोळा बाहेर काढतील आणि दोन्ही थर वेगवेगळे शिवतील. वेळेवर झालं तर कोंबड्या यातून चांगल्या उठतात. आमच्या एका कोंबडीच्या पिशवीतून निघालेला गोळा डॉक्टरांनी ट्रेमध्ये उलगडून दाखवला होता. बाहेर गव्हाच्या काड्या, त्यांच्या आत दूर्वा, अजून थोड्या हिरव्या, आणि या सगळ्याला आवळून धरणारा हाराचा पांढरा दोरा, हातभर लांब. तो दोरा तेलाने सरकला नसता आणि मालिशने सुटला नसता.

घरी ब्लेडने कापून सुईदोऱ्याने शिवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यात कोंबडी शांत पडलेली दिसते. पक्षी घाबरून थिजतो, त्याला दुखत नाही असं नाही. कातडी आणि पिशवी एकत्र शिवली गेली की जखम आतून गळत राहते. हा प्रयोग नको.

औषध सुरू झालं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथेच विचारून वहीत लिहा. घरी आल्यावर सगळ्यात आधी आई-सासूबाई हेच विचारतात.

आणि एक वेगळी गोष्ट. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मलूल झाल्या, मान वळायला लागली, पटापट मरायला लागल्या, तर हा पिशवीचा आजार नव्हे. राणीखेत या विषाणूच्या साथीतही पिशवी रिकामी होत नाही. बर्ड फ्लूही आपल्याला नवा नाही. डिसेंबर २०२० च्या शेवटी इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते, आणि तपासणीत बर्ड फ्लूच निघाला. अशा वेळी कोंबड्या कुठेही नेऊ नका, मेलेल्यांना उघड्या हाताने उचलू नका, पशुपालन विभागाला कळवा.

८. का तुंबली ते शोधा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच

आपल्या माळव्यात पहिला संशय खड्यांवर घ्या. इथली काळी माती चिकण आहे. पावसात चिखल, उन्हाळ्यात ढेकळं आणि भेगा, पण गिझार्डला लागणारे टणक बारीक खडे तिच्यात कमीच. कोकणातली किंवा नदीकाठची कोंबडी चरता चरता खडे गोळा करते, आपली कोंबडी दिवसभर उकरूनही उपाशीच. गिझार्डमध्ये खडे नसले की तंतू भरडले जात नाहीत, पुढची वाट मंदावते आणि पिशवीत साठा होतो.

खडी-क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक चुरी आणा. चाळून दोन ते चार मिलिमीटरचे खडे वेगळे करा, पीठ धुऊन टाका, वाळवा, आणि वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. दाण्यात मिसळू नका, त्यांना हवे तेवढे त्या घेतात. शिंपल्यांचा चुरा ही वेगळी वस्तू आहे. तो कॅल्शियमसाठी, अंड्याच्या कवचासाठी, आणि पोटातल्या आम्लात विरघळतो. संगमरवराचे तुकडेही विरघळतात. दोन्ही दिले तरी खडे लागतातच. बांधकामावरची सिमेंट मिसळलेली वाळू नको. नर्मदेची चाळलेली बारीक वाळू धुऊन दिली तर चालते, पण एकटी पुरत नाही, फार बारीक असते.

दुसरा संशय तंतूंवर, आणि तो ऋतूप्रमाणे बदलतो. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघतो, स्वस्त भुसा घराघरात येतो आणि खुराड्यात अंथरला जातो. भुकेली किंवा कंटाळलेली कोंबडी तो खाते. त्याऐवजी लाकडाचा जाड ढलपा किंवा कोरडी वाळू अंथरा. जुलै-ऑगस्टमध्ये अंगणातलं गवत गुडघ्यापर्यंत वाढतं. उभं गवत कोंबडी तोडून खाते तेव्हा त्रास कमी, पण कापून टाकलेलं लांब गवत ती तशीच लांबच्या लांब गिळते. कापलं तर उचलून टाका, किंवा बोटाच्या पेराएवढं बारीक चिरून द्या. चोइथराम मंडीतून स्वस्तात आणलेल्या मेथी-पालकाच्या जुड्यांचंही तेच: पानं द्या, जून काड्या नको.

गणपतीत घरोघरी दूर्वांच्या जुड्या आणि हार. निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून परसातल्या झाडाखाली ठेवायची आपली पद्धत, आणि परसात कोंबड्या. दोरा काढून मगच फुलं ठेवा, किंवा झाडाला कुंपण करा. वातीचा कापूस, राखीचे गोंडे, खाद्याच्या पोत्याची उसवलेली शिवण, संक्रांतीनंतर झाडावरून लोंबणारा मांजा, हे सगळं एका यादीतलं. जानेवारीच्या मध्यानंतर अंगण एकदा वाकून झाडून घ्या.

तिसरा संशय तुमच्या वेळापत्रकावर. पुण्याला लग्नाला चार दिवस गेलात, शेजाऱ्यांनी एक दिवस दाणा टाकायचा विसरून दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकला, की उपाशी कोंबडी अधाशासारखी भरते आणि पिशवी ताणली जाते. बाहेरगावी जाताना रोजच्या दाण्याच्या वेगवेगळ्या पुड्या बांधून ठेवा.

हे सगळं ठीक असूनही एकाच कोंबडीची पिशवी पुन्हा पुन्हा भरत असेल तर मूळ दुखणं खाली किंवा मज्जातंतूंत असू शकतं: जंतांचा भार, गिझार्डमध्येच अडकलेली वस्तू, अंडं अडकणं, शिशाची विषबाधा (जुन्या रंगाचे पोपडे, बॅटरीचे तुकडे). आणि मारेक्स. हा विषाणू पिशवी हलवणारी नसच निकामी करतो. एक पाय पुढे, एक मागे पसरून बसलेली तरुण कोंबडी दिसली तर त्याचा विचार करा. यावर औषध नाही. लस पहिल्या दिवशीची. म्हणून चौथ्या पायरीत लसीचं विचारायला सांगितलं.

९. परत कळपात सोडताना

सलग तीन सकाळी पिशवी रिकामी, वजन चढतं, शिट बांधलेली, मगच. आठवड्याहून जास्त वेगळी राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी होते आणि दिवसा सोडली तर रक्त येईपर्यंत टोचतात. शक्य असेल तर आजारपणातही पेटी खुराड्याच्या जाळीला लागून ठेवा, नजरेसमोर राहते. सोडायची वेळ संध्याकाळची, सगळ्या माचाणावर चढल्यावर, तिच्या नेहमीच्या शेजारणीला लागून. शिवलेली कोंबडी मात्र टाके भरून येईपर्यंत एकटीच ठेवा, दुसऱ्या टाके टोचतात.

लोंबत्या पिशवीची कोंबडी पूर्ण बरी होत नाही. तिला दिवसातून चार वेळा थोडं थोडं भरडलेलं ओलं खाद्य, तंतू अजिबात नाही, आणि पिशवीला खालून आधार देणारा मऊ कापडाचा पट्टा, जो पंखांखाली काचणार नाही आणि खाण्याआड येणार नाही. पट्टा रोज सोडून आतली कातडी बघायची, पावसाळ्यात तिथे ओल धरून जखम होते. अशी कोंबडी वर्ष-वर्ष नीट जगते, अंडीही घालते. पण तिच्यासाठी रोज हा वेळ काढणारं घरात कोणी नसेल, ती खाऊनही वाळत चालली असेल, तर तिला शांतपणे कायमचं झोपवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.